बंद पडलेली जीप, बुलेट, पद्मिनी दूरच्या गावी स्वस्तात कशी न्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदली होते, घर हलवायचं ठरतं, आणि पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली अर्धवट उघडलेली जीप किंवा वडिलांच्या काळातली बुलेट उभी असते. भंगारात द्यायला मन धजत नाही आणि न्यायची म्हटलं तर भाड्याचा आकडा ऐकून पोटात गोळा येतो. अशा गाड्यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हिशेबासाठी पुणे ते बेंगळुरू, म्हणजे सुमारे ८४० किलोमीटर, हे अंतर धरलं आहे.

१. चालू गाडीपेक्षा बंद गाडीला जास्त भाडं का मागतात?

कार वाहून नेणाऱ्या मोठ्या कॅरिअरवर गाड्या चालवत चढवतात आणि चालवतच उतरवतात. तुमची गाडी मधोमध असेल आणि चालत नसेल, तर तिच्या मागच्या सगळ्या गाड्या अडकतात. म्हणून बरेच जण बंद गाडी घेतच नाहीत, किंवा विंच (ओढायचं यंत्र), हायड्रा (छोटी फिरती क्रेन) आणि माणसं यांचा खर्च आधीच धरून आकडा सांगतात.

भाडं ठरवताना इंजिन चालू आहे की नाही, याला फारसं महत्त्व नसतं. तीन गोष्टी बघितल्या जातात: चाकं फिरतात का, स्टिअरिंग वळतं का, ब्रेक लागतो का. या तिन्ही गोष्टी होत असतील तर फोनवर नुसतं ‘बंद गाडी आहे’ म्हणू नका. ‘इंजिन बंद आहे, पण ढकलली की चालते, वळते, थांबते’ असं सांगा आणि गाडी ढकलतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. चाकं मोकळी करायला मेकॅनिकचा एक दिवस गेला तरी त्याची मजुरी दोन्ही गावांतल्या हायड्राच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडते. पैसे वाचवायचे असतील तर सुरुवात इथून करा (प्रश्न ४ ते ६).

२. कोणती गाडी कोणत्या टेम्पोत मावते?

बंपर ते बंपर टेपने मोजा आणि बांधाबांधीसाठी एक फूट जास्त धरा. टाटा एसचा हौदा साधारण ७ फुटांचा असतो, त्यात एक बुलेट तिरकी बसते. ८-९ फुटी पिकअपमध्ये दोन मोटरसायकली आरामात जातात. मारुती ८०० सुमारे ११ फूट आणि प्रीमियर पद्मिनी जेमतेम १३ फूट लांब, म्हणून दोन्हींना १४ फुटी आयशर पुरतो. अँबॅसडर १४ फुटांहून थोडी जास्त भरते, तिला १७ फुटीच लागतो.

जुन्या सीजे-३बी जीपच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. तिचा व्हीलबेस फक्त ८० इंच आहे, त्यामुळे चारही चाकं पिकअपच्या हौद्यात बसतात आणि गावातल्या गावात लोक तशी नेतातही. पण जीपची पूर्ण लांबी ११ फुटांच्या आसपास आहे. मागचा भाग बाहेर लोंबतो, फाळका उघडा ठेवावा लागतो आणि टनभर वजन मागच्या धुऱ्यावर येऊन पुढची चाकं हलकी होतात. ८४० किलोमीटरसाठी असं नेऊ नका, १४ फुटीच घ्या.

३. सांगितलेलं भाडं वाजवी आहे, हे कसं ओळखायचं?

डिझेलपासून हिशेब सुरू करा. भरलेला १४ फुटी टेम्पो लिटरला ७-८ किलोमीटर देतो, म्हणजे ८४० किलोमीटरला ११० लिटरच्या आसपास. लिटरला ९० रुपये धरले तर एकेरी डिझेलच जवळपास १०,००० रुपयांचं झालं. त्यावर टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि मालकाचा नफा. अख्ख्या टेम्पोचं भाडं कोणी याहून कमी सांगत असेल, तर तो तुमच्या सामानात दुसऱ्याचा माल भरणार आहे किंवा वाटेत आकडा वाढवणार आहे. सामान चढवून झाल्यावर ‘आता एवढे द्या, नाही तर उतरवत नाही’ हा प्रकार अशाच स्वस्त भावांत होतो.

खरी बचत परतीच्या गाडीत आहे. बेंगळुरूहून माल घेऊन आलेला टेम्पो रिकामा परतण्यापेक्षा कमी भाड्यात तुमची जीप घेऊन जातो. त्यासाठी ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर कर्नाटक पासिंगच्या गाड्यांकडे चौकशी करा आणि तारखेत तीन-चार दिवसांची सवलत द्या. महिनाअखेरीला घरं हलवणाऱ्यांची गर्दी असते, ते दिवस टाळा.

भाव ठरवताना पाच गोष्टी कागदावर घ्या: टोल कोणाचा, चढवायची-उतरवायची वाराई कोणाची, हायड्रा लागला तर कोण देणार, खोटी (टेम्पो खोळंबल्याचा आकार) किती तासांनी सुरू होणार, आणि पैसे कधी किती द्यायचे. थोडी रक्कम माल उतरल्यावरच द्यायची ठेवा.

४. चाकं जाम आहेत. ब्रेक धरून बसलेत. काय करू?

गाडी वर्ष-दोन वर्षं उभी असेल तर ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटतात. दोरी लावून ओढू नका. शूचं लायनिंग सुटून ड्रममध्ये अडकतं आणि मग चाक खरंच कायमचं जाम होतं.

गाडी जॅकवर घेऊन खाली घोडी (लोखंडी टेकू) लावा. चाक काढा, ड्रमच्या कडेने आणि मध्यभागी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी बॅकप्लेटवरचा अॅडजस्टर सैल करा. तरीही चाक फिरत नसेल तर ब्लीडर निपल (ब्रेकमधलं ऑइल आणि हवा सोडायचं छोटं तोंड) अर्धा फेरा उघडा. जुने रबरी होज आतून फुगतात आणि दाब अडवून धरतात. निपलमधून दोन थेंब ऑइल बाहेर आलं आणि चाक सैल झालं, तर दोष होजचा होता. मग ड्रमच्या सपाट भागावर, स्टडच्या मधे, नायलॉनच्या किंवा लाकडी हातोड्याने गोल फिरत ठोका. कडेवर लोखंडी घण घालू नका, जुना बिडाचा ड्रम तडकतो.

एका चाकाचा दाब सोडला की पेडलचा भरवसा राहत नाही. तिथून पुढे गाडी हलवताना हातब्रेक हवा आणि चाकामागे लाकडी उटी (चाक अडवायचा ठोकळा) घेऊन एक माणूस हवा.

५. गिअर अडकलाय, इंजिन जाम आहे, हातब्रेकही सुटत नाही. मग?

फोर-व्हील ड्राइव्ह जीप असेल तर आधी ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) दांडा न्यूट्रलला घ्या. तो सरकला की गिअर अडकलेला असला तरी चाकं मोकळी होतात, काहीही खोलावं लागत नाही. हा दांडा विसरून अनेक जण थेट पाने हातात घेतात.

विलिज (जीपची मूळ अमेरिकी कंपनी) हिच्या जुन्या रचनेच्या जीपला हातब्रेक चाकात नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे एक छोटा ड्रम असतो, त्यावर तो लागतो. तो चिकटला तर न्यूट्रलचा उपयोग होत नाही. मग मागचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या धुऱ्याकडे ताकद नेणारा दांडा) धुऱ्याच्या बाजूने सोडा. सोडण्यापूर्वी फ्लँज आणि शाफ्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे परत जोडताना तोल बिघडत नाही. शाफ्टच्या टोकाच्या क्रॉसच्या कपांवर लगेच चिकटपट्टी गुंडाळा, नाही तर आतले सुईसारखे बेअरिंग मातीत सांडतात आणि नवा क्रॉस घ्यावा लागतो. सुटलेला शाफ्ट चासीला तारेने वर बांधा. आता या जीपला हातब्रेक नाही, हे गाडीजवळच्या प्रत्येकाला सांगा.

पद्मिनी आणि अँबॅसडरलाही मागचीच चाकं ओढतात, त्यामुळे शाफ्ट सोडण्याचा उपाय चालतो. मारुती ८०० ला पुढची चाकं ओढतात, शाफ्ट सोडणं सोपं नाही. गिअर जाम असेल तर पुढची चाकं चाकाच्या पाटांवर ठेवून सरकवा. स्टिअरिंग लॉक असलेल्या गाडीची चावी हरवली असेल, तर चावीवाल्याला आधी बोलवा. टेम्पो दारात उभा असताना ही धावपळ महाग पडते.

६. गाडीला चाकंच नाहीत, किंवा टायर पार गेलेत.

नवे टायर घेऊ नका. भंगार बाजारातून हवा धरणारी चार जुनी चाकं घ्या आणि पोचल्यावर विकून टाका. जीपचं आणि मारुती जिप्सीचं चाक पाच स्टडचं, १३९.७ मिलिमीटर पीसीडीचं (स्टडच्या वर्तुळाच्या व्यासाचं) असतं, त्यामुळे जिप्सीची चाकं तात्पुरती चालून जातात. नट मात्र गाडीचे मूळचेच वापरा. विलिज घराण्यातल्या जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात. सैल करतोय असं समजून ते आवळले जातात आणि स्टड तुटतो. स्टडच्या तोंडावर कोरलेलं ‘एल’ अक्षर शोधा.

७. हायड्राशिवाय गाडी टेम्पोत चढवता येते का?

येते, पण हिशेब करून. हौदा साडेतीन फूट उंच आणि फळ्या बारा फुटी असतील, तर अकराशे किलोची जीप वर घ्यायला साधारण ३२० किलोची ओढ लागते. चार-सहा माणसांनी ढकलायचा हा भार नाही, मधेच दम तुटला तर जीप मागे येते. दोन टनी चेन पुली घ्या. तिचा आकडा टेम्पोच्या चासीत अडकवा, पुढच्या पत्र्यात नको. साखळीची ओढ संपली की उट्या लावून आकडा पुढे घ्यायचा, असं दोन-तीन वेळा करावं लागतं. दोन्ही मागच्या चाकांबरोबर उटी सरकवणारा एकेक माणूस बाजूला उभा हवा. गाडीच्या थेट मागे कोणीही थांबायचं नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय धक्क्याचा. गोदामाचा किंवा मार्केट यार्डाचा धक्का हौद्याच्या उंचीचा असतो. टेम्पो त्याला लावला तर गाडी सपाटीवरून आत ढकलता येते. गावाकडे हेच काम बांधावर किंवा खड्ड्यात टेम्पो उलटा लावून होतं.

हायड्राच घ्यायचा असेल तर उघडा हौदा हवा, बंद कंटेनरमध्ये वरून गाडी सोडता येत नाही. पट्टे चाकांखालून किंवा धुऱ्याखालून घाला आणि वर आडवा लोखंडी बीम लावा. बीम नसेल तर पट्टे आत ओढले जाऊन पद्मिनीच्या छपराच्या पन्हाळ्या चेपतात. उतरवतानाही हायड्रा लागणार आहे, त्याचं भाडं पुण्यातून निघण्याआधीच ठरवा.

८. गाडी बांधायची कशी?

५० मिलिमीटर रुंदीचे चार रॅचेट पट्टे घ्या, सुंभ किंवा नायलॉनची दोरी नको. पट्टा धुऱ्याला किंवा चाकाला लावा, बॉडीला नाही. रस्त्यावर बॉडी स्प्रिंगवर खाली-वर होते, पट्टा सैल पडतो आणि आकडा निसटतो. मागच्या धुऱ्यावरून ब्रेकचा पातळ पाइप जातो, तो पट्ट्याखाली सापडू देऊ नका. धारदार कडेवर गोणपाट गुंडाळा. चारही चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे हौद्याच्या फळीला खिळ्यांनी ठोका. लोखंडी तळ असेल तर आडवे ओंडके बांधा.

मोटरसायकल साइड स्टँडवर किंवा मधल्या स्टँडवर बांधू नका. पुढचं चाक केबिनच्या बाजूला टेकवा, दोन पट्टे हँडलखालच्या फोर्कच्या पट्टीवरून दोन बाजूंना ओढा आणि फोर्क निम्मा दबेपर्यंत आवळा. मागच्या चाकाला आणखी दोन पट्टे.

पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर सगळे पट्टे थोडे सैल होतात. बेंगळुरूच्या रस्त्यावर शिरवळजवळ, खंबाटकी घाट चढण्याआधी, थांबून पुन्हा आवळायला ड्रायव्हरला सांगा आणि फोटो मागवा.

९. मोटरसायकल रेल्वेने स्वस्त पडते का?

एकटीच दुचाकी असेल तर बहुतेक वेळा हो. इंजिन चालू असण्याची गरज नाही, चाकं फिरली पाहिजेत. तुम्ही ज्या ट्रेनने जाताय तिच्यातूनच, तिकिटावर नेली तर ‘लगेज’, वेगळी पाठवली तर ‘पार्सल’. दोन्हींचे दर वेगळे, पार्सल ऑफिसात दोन्ही विचारा. आरसी आणि ओळखपत्र मूळ आणि प्रतींसह न्या. पेट्रोल टाकी पूर्ण रिकामी हवी. कार्ब्युरेटरच्या वाटीतलंही पेट्रोल काढा, जुन्या पेट्रोलचा डिंक त्यातच बसतो. आरसे आणि इंडिकेटर काढून घरी ठेवा. हेडलाइट आणि टाकीला पुठ्ठा लावून वर गोणपाट सुतळीने शिवा. स्टेशनांची नावं, तुमचं नाव आणि फोन लिहिलेले दोन पुठ्ठे दोन ठिकाणी बांधा.

मोठं जंक्शन निवडा, दोन-तीन मिनिटांच्या थांब्यावर दुचाकी उतरवून घेत नाहीत. पोचल्यावर वेळेत सोडवली नाही तर व्हार्फेज (उशिराचा आकार) चढत जातं आणि बचत तिथेच संपते.

१०. घरसामान आणि गाडी एकाच ट्रकमध्ये नेता येईल?

येईल, आणि बहुतेकांना हेच परवडतं. १९ फुटी आयशरमध्ये जीप पुढे केबिनला लावून आधी चढवा, मधे जाड फळ्यांची किंवा गाद्यांची भिंत करा, मागे घरसामान. जड वजन पुढे राहिलं की ट्रकचा तोल नीट राहतो. गाडीच्या टपावर काही ठेवू नका. आत सीटवर कपड्यांची गाठोडी आणि उशा चालतात. बॅटरी काढा आणि पेट्रोल, ब्रेक ऑइलची गळती थांबवा, नाही तर गाद्यांना वास लागतो. उंदरांची घरटी असतात, तीही बघून घ्या.

११. दुसऱ्या गाडीला टोचन लावून ओढत नेली तर?

लांबच्या प्रवासाला नाही. रस्त्याच्या नियमांत टोचन जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरतंच आहे, दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आत हवं, वेग अगदी कमी हवा आणि मागच्या गाडीत परवानाधारक चालक हवा. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर काम करत नाही. घाटात ही चूक जिवावर बेतते.

१२. इंजिन बाहेर काढलेलं आहे, भाग डब्यांत आहेत. कसं न्यायचं?

जीपचं इंजिन दीडशे किलोच्या घरात असतं. ऑइल काढा, ते जुन्या टायरमध्ये बसवा, टायर फळीला बांधा. टायरमुळे धक्के शोषले जातात आणि सम्प (खालची ऑइलची टाकी) चेपत नाही. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डची तोंडं कापडाने बंद करा. नट-बोल्ट जिथले आहेत तिथेच हाताने परत लावून ठेवा. जे लागत नाहीत ते पिशवीत, आणि पिशवीवर नाव. काचा, मीटर, आरसी तुमच्याबरोबर न्या.

१३. वाटेत कोणी अडवलं तर कोणते कागद लागतात?

आरसीची प्रत, मालकाच्या ओळखपत्राची प्रत, बिल्टी (वाहतूकदाराची माल घेतल्याची पावती), बदलीचा आदेश किंवा नव्या घराचा भाडेकरार, आणि ‘स्वतःची वापरलेली गाडी, विक्रीसाठी नाही’ असं सही केलेलं पत्र. वापरलेलं वैयक्तिक आणि घरगुती सामान ई-वे बिलाच्या (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाच्या) नियम १३८ मधून वगळलं आहे. अधिकाऱ्याला शंका येते ती गाडी विक्रीला चालली आहे का याची, आणि तुमच्या नावाची आरसी ती शंका फेडते. डीलरकडून नुकतीच घेतलेली गाडी या सवलतीत धरू नका, तिचं बिल आणि लागेल ते ई-वे बिल विक्रेत्याकडून घ्या.

१४. आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आधी घ्यायची की नंतर?

महाराष्ट्रातच हलत असाल, समजा पुण्याहून नागपूरला, तर एनओसी लागते का, हे आरटीओत विचारून घ्या. एमएच-१२ नंबर तसाच राहतो, फॉर्म ३३ भरून पत्ता बदलायचा. राज्य बदलत असेल तर निघण्यापूर्वीच मूळ आरटीओतून फॉर्म २८ ची एनओसी काढा. त्याआधी थकीत चलन आणि कर भरा, जुन्या कर्जाचा बोजा फॉर्म ३५ ने उतरवा. तीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाची नोंद आरसीवर तशीच असते आणि बँकेची ती शाखा आता नसते, हा अडथळा नेहमीचा. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर तिथे फॉर्म २७ भरून नवा नंबर घ्यावा लागतो.

निघण्यापूर्वी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. पुढे नंबर गंजला तर हा ठसा उपयोगी पडतो.

१५. नोंदणीची पंधरा वर्षं उलटलीत, किंवा आरसीच हरवली आहे.

मुदत संपलेल्या गाडीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं आणि निरीक्षक गाडी पाहतो, म्हणजे गाडी चालती हवी. ती लवकर चालू होणार नसेल तर मूळ आरटीओत जाऊन काय करता येईल हे निघण्यापूर्वीच विचारा. दुसऱ्या राज्यातून हे प्रकरण सोडवायला फेऱ्यांवर फेऱ्या होतात. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६ वर दुय्यम प्रत. ती हातात येईपर्यंत गाडी राज्याबाहेर काढू नका.

पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्थितीतल्या दुचाकी-चारचाकींसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणी आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला मात्र ही गाडी काढता येत नाही.

दिल्ली-एनसीआरला जात असाल तर थांबा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे (एनजीटी) २०१५ चे आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०१८ चे आदेश आहेत, आणि त्यांत पुढेही बदल होत आले आहेत. ताजी स्थिती बघितल्याशिवाय टेम्पोला आगाऊ रक्कम देऊ नका.

१६. वाटेत नुकसान झालं तर भरपाई कोण देतं?

गाडीचा सर्वसमावेशक विमा चालू असेल तर तो आधी वाचा. रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना झालेलं नुकसान त्याच्या कलमांत येतं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीला काही मिळत नाही, मग मालवाहतुकीचा वेगळा विमा घ्या. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालकाची) छापलंय का ते बघा आणि गाडीची किंमत त्यावर लिहून घ्या. उतरवताना खरचटलेलं दिसलं तर पोचपावतीवर तिथेच लिहा, मग सही करा. दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. चढवण्यापूर्वीचे चारही बाजूंचे आणि खालचे फोटो याच कामाला येतात.

१७. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत. नेता येईल का?

नेता येईल, पण राज्य बदलण्याआधी नाव बदलून घ्या. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. बहुतेक घरांत ही मुदत केव्हाच गेलेली असते. तरीही अर्ज करा. मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती जोडा. भावंडं वेगवेगळ्या गावी असतील तर या सह्यांनाच सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून बदलीचा आदेश हातात आला की पहिला फोन त्यांना करा. नाव बदलेपर्यंत गाडी हलवणं भागच असेल, तर मृत्यूच्या दाखल्याची आणि संमतीपत्राची प्रत प्रश्न १३ मधल्या कागदांना जोडा.